‘कसा वाटला?’ : चित्रपटविषयक अनौपचारिक अभिप्रायाचे स्वरूप

नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाविषयी प्रेक्षक आपापसांत जे बोलतात, त्याकडे समीक्षेने सहसा अभिरुचीच्या इतिहासाची कच्ची सामग्री म्हणून पाहिले आहे. या बोलण्याला स्वतःची तार्किक घडण असू शकते, हे क्वचितच लक्षात घेतले गेले. ती घडण तपासून पाहिल्यास अनौपचारिक अभिप्राय आणि समीक्षा यांचे नाते नेहमी मानले जाते त्यापेक्षा अधिक जवळचे असल्याचे दिसून येते.

मराठीत असा अभिप्राय मुख्यतः तीन रूपांत व्यक्त होतो : ‘मला आवडला’, ‘चांगला आहे’ आणि ‘बघायलाच हवा’. पहिल्या वाक्यात क्रियापद चित्रपटाच्या लिंगवचनानुसार चालते, परंतु ‘मला’ या पदामुळे विधानाची व्याप्ती बोलणाऱ्यापुरती मर्यादित राहते. दुसऱ्या वाक्यात बोलणारा अंतर्धान पावतो आणि गुण चित्रपटाच्या ठायी असल्याचे सांगितले जाते. तिसऱ्यात श्रोत्यावर जवळजवळ कर्तव्यच लादले जाते. इमान्युएल कांट याने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये सुखद आणि सुंदर यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. एखादे मद्य ‘मला’ सुखद वाटते असे म्हणणे रास्त आहे. परंतु एखादी वस्तू ‘माझ्यापुरती’ सुंदर आहे असे म्हणणे हास्यास्पद ठरते, कारण सौंदर्यविधान इतरांच्या सहमतीची मागणी करते. चित्रपटाविषयीच्या गप्पांत मात्र ‘मला आवडला’ असे म्हणणाऱ्यालाही, समोरच्याने ‘मला नाही’ म्हटल्यावर, स्वस्थ बसवत नाही. तो कारणे देऊ लागतो. विधानाचे रूप सुखदाचे आणि मागणी सौंदर्याची, असा हा पेच आहे. ‘टाइमपास आहे’ या लोकप्रिय शेऱ्याचे कार्यही यातूनच स्पष्ट होते : सहमतीची मागणी आगाऊच मागे घेऊन तो वादाची शक्यता बंद करतो.

प्रेक्षकाच्या प्रतिसादाला सैद्धांतिक स्थान देण्याची परंपरा भारतीय विचाराला नवी नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचे मानुषी आणि दैवी असे दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धी वाङ्मयी आणि शारीरी अशी द्विविध आहे. स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार पहिलीत. रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे देणे दुसरीत. प्रेक्षागृह भरलेले असून शब्द नाही, क्षोभ नाही, अशी अवस्था म्हणजे दैवी सिद्धी. वाद उद्भवल्यास निर्णय देण्यासाठी निरनिराळ्या विषयांचे जाणकार असे प्राश्निकही तेथे नेमलेले आहेत. वयानुसार व प्रकृतीनुसार प्रेक्षकांच्या आवडी भिन्न असतात, याचीही तेथे नोंद आहे. उत्स्फूर्त उद्गार आणि तज्ज्ञ निर्णय यांना एकाच व्यवस्थेत सामावून घेणारी ही मांडणी आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटाच्या संदर्भात ही मांडणी विशेष बोलकी ठरते. ‘झिंगाट’ या गाण्याच्या वेळी प्रेक्षक उठून नाचले. अखेरच्या दृश्यात, जेथे ध्वनीच काढून घेतला जातो आणि रक्ताने माखलेली बाळाची पावले तेवढी उमटत जातात, तेथे प्रेक्षागृह निःशब्द झाले. एकाच चित्रपटात दोन्ही सिद्धी अनुभवास आल्या. त्यानंतर मात्र दोन अभिप्राय वारंवार ऐकू आले : ‘उत्तरार्ध लांबला’ आणि ‘शेवट असा नको होता’.

यांपैकी पहिला अभिप्राय निरीक्षण म्हणून अचूक, परंतु मूल्यमापन म्हणून अपुरा आहे. हैदराबादची झोपडपट्टी, अपरिचित भाषा, डोशाची गाडी, कारखान्यातील नोकरी, संशयातून उद्भवणारी भांडणे या साऱ्यांत प्रेमाला रोजच्या कष्टांची आणि कंटाळ्याची किंमत द्यावी लागते. पूर्वार्धाच्या संगीताने लावलेली सवय मोडल्याखेरीज ही किंमत प्रेक्षकाला जाणवणे शक्य नव्हते. प्रेक्षकाला जाणवलेली लांबी हा अशा रीतीने आशयाचाच भाग ठरतो.

दुसरा अभिप्राय अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘शेवट जमला नाही’ हे कलाकृतीविषयीचे विधान झाले. ‘नको होता’ हे जगाविषयीचे. कलाकृतीच्या स्वायत्ततेवर भर देणारी समीक्षा त्याला लौकिक भावनेचा हस्तक्षेप ठरवून बाजूला सारील. परंतु रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्याची संकल्पना लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये वावरते असे दाखवून दिले आहे, त्या दृष्टीने हा उद्गार सौंदर्यव्यवहाराच्या बाहेरचा ठरत नाही. मात्र हे वाक्य कोण उच्चारतो, यावर त्याचा अर्थ अवलंबून आहे. एखाद्याच्या तोंडी ते करुणेचे असेल. एखाद्याच्या तोंडी, जातीचा प्रश्न करमणुकीत आणल्याबद्दलच्या नाराजीचे. आणि ज्याने अशी हत्या जवळून पाहिली आहे, त्याच्या तोंडी ते भयाचे. शब्द तेच राहून तीन भिन्न चित्रपट पाहिले गेलेले असतात. म्हणूनच ‘लोकांचे मत’ असे एकसंध काही कल्पून त्याचा गौरव करणे हे त्याचा उपहास करण्याइतकेच निरुपयोगी आहे.

अभिप्रायाचे मोल त्याच्या बरोबर असण्यात फारसे नाही, त्याला ‘का?’ असे विचारता येते, यात ते आहे. तारांकित गुणांकनात नेमकी हीच शक्यता नाहीशी होते. पाचापैकी साडेतीन तारे ही संख्या करुणा, नाराजी आणि भय यांना समान पातळीवर आणते आणि तिला उलट प्रश्न विचारता येत नाही. गप्पांत मात्र कारणे मागितली जातात, ती अपुरी पडतात, नवी शोधावी लागतात. ‘मला’पासून सुरू झालेले विधान हळूहळू कलाकृतीकडे सरकते. समीक्षा हा याच प्रवासाचा पुढचा टप्पा आहे, आणि ‘शेवट असा नको होता’ या वाक्यापाशी थांबून ‘कोणाला, आणि का?’ असे विचारण्याची जबाबदारी तिला टाळता येणार नाही.