थोरवीच्या याद्या आणि जिमी कार्टर

२९ डिसेंबर २०२४ रोजी जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या आपल्या गावी जिमी कार्टर वारले. वयाची शंभर वर्षे त्यांनी पूर्ण केली होती; अमेरिकेच्या एकाही अध्यक्षाला एवढे आयुष्य लाभलेले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर एक जुना खेळ पुन्हा रंगला. कार्टर हे थोर अध्यक्ष होते काय? असल्यास कितवे? लिंकन, वॉशिंग्टन, रूझवेल्ट यांच्या रांगेत त्यांना किती मागे उभे करायचे? बहुतेक मृत्युलेखांनी एकच निकाल दिला : माणूस सज्जन, अध्यक्ष कच्चा, माजी अध्यक्ष मात्र सर्वांत थोर. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी त्यात हरियाणातल्या कार्टरपुरीची गोष्ट जोडली आणि विषय मिटवला.

हा निकाल मला मान्य नाही. कार्टर फार थोर होते असे सिद्ध करण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझा आक्षेप मोजपट्टीला आहे. मोजणारा कोण आहे, तो कोठे उभा राहून मोजतो आहे, हे विचारल्याशिवाय कोणाचीही थोरवी मान्य करायची नाही, हा धडा आपण फार मोठी किंमत मोजून शिकलो आहोत. तो अमेरिकेच्या अध्यक्षांपाशी येऊन विसरण्याचे कारण नाही.

या याद्यांचा इतिहासच पाहा. १९४८ साली आर्थर श्लेसिंजर या इतिहासकाराने ५५ विद्वानांची मते घेऊन अध्यक्षांची पहिली गाजलेली क्रमवारी लावली. तीत वूड्रो विल्सन चौथे आले. याच विल्सन यांच्या राजवटीत, १९१३ पासून, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत काळ्या नोकरांना गोऱ्यांपासून वेगळे बसवले गेले. अँड्र्यू ज्यॉन्सन यांना त्या विद्वानांनी मधल्या, ठीकठाक वर्गात ठेवले. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांना नागरिकत्वाचे हक्क देणारा १८६६ चा कायदा नाकारणारे ते हेच ज्यॉन्सन. आणि युलिसिस ग्रँट? ते शेवटून दुसरे. ज्यांच्या काळात काळ्या पुरुषांच्या मताधिकाराची पंधरावी घटनादुरुस्ती झाली, ज्यांनी कू क्लक्स क्लॅनच्या टोळ्यांवर १८७१ मध्ये कायदा आणि फौज सोडली, ते ग्रँट नापास.

येथे मला एक तारीख आठवते. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. त्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदी ग्रँट होते. जोतीरावांना पुण्यात बसून जे दिसले, ते ५५ विद्वानांना पाऊणशे वर्षांनी अमेरिकेत बसून दिसले नाही. ग्रँट यांच्या काळातील भ्रष्टाचार खरा होता. पण तेवढाच दिसावा आणि मुक्त झालेला माणूस दिसू नये, हा डोळ्यांचा दोष नव्हे. ती शिकवण होती. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले तेथेच त्या काळी विल्यम डनिंग हे प्राध्यापक होते. यादवी युद्धानंतर काळ्यांना मत देणे हीच मोठी चूक होती, असे मानणाऱ्या इतिहासकारांची पिढीच्या पिढी त्यांच्या नावाने ओळखली जाते. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉय या काळ्या विचारवंताने १९३५ साली जाडजूड ग्रंथ लिहून या इतिहासाला नकार दिला. तो नकार विद्यापीठांच्या भिंतींतून आत झिरपायला आणखी तीस वर्षे लागली.

आज काय दिसते? सी-स्पॅन या दूरचित्रवाहिनीने २०२१ साली घेतलेल्या पाहणीत ज्यॉन्सन ४४ पैकी ४३ वे आहेत, ग्रँट २० वे, विल्सन १३ वे. मेलेल्या माणसांनी तर काही केले नाही. मोजणारे बदलले. या पाहणीच्या दहा कसोट्यांत सर्वांना समान न्याय ही एक कसोटी आहे. दहातली एक! तरीही तिने केवढी उलथापालथ करायला हातभार लावला आहे. ती एकच मूळ कसोटी धरली तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्याच यादीत कार्टर २६ वे आहेत.

आपली कसोटी कोणती? ती आपल्याला उसनी आणावी लागत नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीला बाबासाहेबांनी भाषण केले. थोर पुरुष कोणाला म्हणावे, हाच त्या भाषणाचा गाभा आहे. प्रामाणिकपणा हवा, बुद्धी हवी. पण एवढ्याने माणूस फार तर नामवंत होतो, थोर होत नाही, असे त्यांचे म्हणणे. थोर होण्यासाठी सामाजिक हेतूने पेटून उठावे लागते आणि समाजाचा आसूड व समाजाचा सफाईगार व्हावे लागते. ही दुसरी उपमा कोणाच्या तोंडून आली हे ध्यानात घ्या. ज्या समाजाने सफाईचे काम जन्मावर लादून माणसाला हीन ठरवले, त्या समाजापुढे उभे राहून बाबासाहेब थोरवीची खूण म्हणून तेच काम सांगतात. आणि ते आणखी एक सांगतात : सरकारशी लढणाऱ्याच्या पाठीशी त्याचा समाज असतो, स्वतःच्या समाजाशी लढणारा एकटा पडतो. रानडे ब्राह्मण असून त्यांना बाबासाहेबांनी थोर म्हटले ते याच मापाने.

कार्टर यांनाही हेच माप लावायचे. गोऱ्या दक्षिणेत जन्मलेला हा जमीनदाराचा मुलगा आपल्या समाजाविरुद्ध केव्हा उभा राहिला, आणि केव्हा राहिला नाही?

प्लेन्सजवळच्या आर्चरी या वस्तीत ते वाढले. शेजारी जवळजवळ सगळे काळे, खेळगडी काळे. ‘अ‍ॅन अवर बिफोर डेलाइट’ या २००१ च्या आठवणींत त्यांनी दोन प्रसंग सांगितले आहेत. १९३८ साली जो लुई आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग यांची मुष्टियुद्धाची लढत होती. काळ्या शेजाऱ्यांनी रेडिओ ऐकू देण्याची विनंती केली. वडिलांनी रेडिओ खिडकीत ठेवला. काळी माणसे बाहेर अंगणात उभी राहिली. जो लुईने पहिल्याच फेरीत गोऱ्याला आडवे केले. अंगणातून आवाज नाही. माणसांनी शांतपणे आभार मानले, रस्ता ओलांडला, रेल्वेचे रूळ ओलांडले, आपल्या घरात शिरली. आणि मग तेथून आनंदाचा कल्लोळ उठला. दुसरा प्रसंग कुरणाच्या फाटकाचा. कार्टर चौदा वर्षांचे असताना एके दिवशी त्यांच्या काळ्या सवंगड्यांनी फाटक उघडले आणि त्यांना आधी जाऊ देण्यासाठी ते मागे सरले. पोराला वाटले, थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. त्या दिवशी ते सवंगडी राहिले नव्हते.

हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. अंगणात उभे राहून ऐकणे काय असते, आपला विजयसुद्धा आपल्या वस्तीत पोचेपर्यंत गिळून ठेवणे काय असते, हे दलित वाचक जाणतो. कार्टर यांचे मोठेपण एवढे की खिडकीच्या आतल्या बाजूस असूनही त्यांनी ते पाहिले आणि लिहिले. पण मधल्या काळाचा हिशेब मिश्र आहे.

१९५० च्या दशकात गावातील गोऱ्यांनी वर्णभेद टिकवण्यासाठी ‘व्हाइट सिटिझन्स कौन्सिल’ काढले. कार्टर यांनी सभासद होण्यास नकार दिला. त्यांच्या धंद्यावर बहिष्कार आला. १९६५ साली काळ्यांना चर्चमध्ये येऊ द्यायचे नाही असा ठराव आला, तेव्हा कार्टर कुटुंब विरोधात उभे राहिले. त्यांच्या बाजूने हात वर करणारे घराबाहेर जवळजवळ कोणी नव्हते. हे धैर्य खरे आहे. पण हेच कार्टर जिल्ह्याच्या शाळा मंडळावर होते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवला होता. त्यांच्या मंडळाच्या शाळा मात्र वेगळ्याच राहिल्या आणि ते त्यावर फारसे बोलले नाहीत. १९७० साली गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तेव्हा त्यांनी वर्णभेदवाद्यांची मते गोळा केली; अलाबामाच्या जॉर्ज वॉलेस यांना राज्यात बोलू दिले नाही म्हणून प्रतिस्पर्धी कार्ल सँडर्स यांच्यावर तोंडसुख घेतले. निवडून आल्यावर, १२ जानेवारी १९७१ ला, वांशिक भेदभावाचा काळ संपला असे त्यांनी शपथविधीच्या भाषणात जाहीर केले. १९७४ साली राज्याच्या विधानभवनात मार्टिन ल्यूथर किंग यांचे चित्र लावले. बाहेर क्लॅनवाले निदर्शने करीत होते.

मते मागताना एक आणि सत्ता मिळाल्यावर दुसरे! आपल्याकडच्या पुढाऱ्यांचा अनुभव याच्या उलट असतो, म्हणून कार्टर यांचे कौतुक वाटणे साहजिक आहे. पण फसवणूक ती फसवणूकच. समाजाचा आसूड होणारा माणूस निवडणूक संपेपर्यंत आसूड लपवून ठेवीत नाही.

१९७७ ते १९८१ या अध्यक्षीय काळातही हीच रेघ पुढे जाते. जेथे अधिकार स्वतःच्या हातात होता तेथे कार्टर यांनी दारे उघडली. पॅट्रिशिया हॅरिस ही मंत्रिमंडळातली पहिली काळी स्त्री. किंग यांचे सहकारी अँड्र्यू यंग राष्ट्रसंघात राजदूत. आधीच्या सर्व अध्यक्षांनी मिळून जेवढे काळे न्यायाधीश केंद्रीय न्यायालयांत नेमले, त्याहून अधिक एकट्या कार्टर यांनी चार वर्षांत नेमले. न्यायासनावर कोण बसतो याला किती महत्त्व आहे, हे आपल्याला ठाऊक आहे.

पण बाकी खटला आला तेव्हा? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा वंचित अल्पसंख्याकांसाठी राखीव होत्या. प्रवेश न मिळालेला अ‍ॅलन बाकी हा गोरा तरुण कोर्टात गेला. गुणवत्तेचा तोच आक्रोश, जो आपण रोज ऐकतो. कार्टर सरकारच्या न्यायखात्याचा पहिला मसुदा बाकीच्या बाजूला झुकणारा होता. काळ्या नेत्यांनी आणि मंत्र्यांनी गदारोळ केला तेव्हा तो बदलला. अखेरच्या निवेदनात वंश विचारात घेण्याला पाठिंबा होता, ठरावीक राखीव जागांना नव्हता. २८ जून १९७८ ला न्यायालयाने राखीव जागा रद्द केल्या आणि वंशाचा विचार करण्याची फट उघडी ठेवली. २९ जून २०२३ ला तीही बुजवली गेली. त्याच १९७८ साली सर्वांना रोजगाराच्या हमीसाठी आणलेल्या हम्फ्री-हॉकिन्स कायद्यावर कार्टर यांची सही झाली. तोवर त्यातली हमी गळाली होती आणि फक्त उद्दिष्ट उरले होते. मानवी हक्कांचा घोष त्यांनी जगभर केला. पण आपल्या देशाला लष्करी मदत देऊ नका, असे एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांना कळवले, तेव्हा ती मदत थांबली नाही. २४ मार्चला रोमेरो यांचा खून झाला.

आता याच यादीतील दुसरे नाव घेऊ. १९८० साली कार्टर यांचा पराभव करणारे रॉनल्ड रेगन. ३ ऑगस्ट १९८० ला त्यांनी मिसिसिपीत, जेथे १९६४ साली नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली त्या गावाजवळच्या जत्रेत, राज्यांच्या हक्कांचा पुरस्कार केला. दक्षिणेत त्या शब्दांचा अर्थ पोरालाही कळतो. १९८८ साली त्यांनी नागरी हक्कांचा एक कायदा नाकारला; काँग्रेसने त्यांचा नकार ओलांडून तो संमत केला. २०२१ च्या यादीत रेगन ९ वे आहेत. नववे आणि सव्विसावे! समान न्यायाच्या एका कसोटीवर कार्टर पहिल्या दहांत बसतात. उरलेल्या कसोट्या त्यांना खाली ओढतात.

आणि ‘सर्वांत थोर माजी अध्यक्ष’ ही पदवी? १९८६ साली जगात नारूचे सुमारे ३५ लाख रोगी होते. कार्टर केंद्राने हात घातला आणि २०२३ साली ते १४ वर आले. जो उघड्या डबक्याचे पाणी पितो त्याचा हा रोग. हे काम अमोल आहे. २००६ साली लोणावळ्याजवळ गरिबांची घरे बांधण्यासाठी ते हातात हत्यारे घेऊन उभे राहिले. त्यांच्या आई लिलियन यांनी तर १९६६ ते १९६८ मुंबईत विक्रोळीला, वयाच्या सत्तरीकडे झुकलेल्या असताना, परिचारिकेचे काम केले होते. या घराण्याच्या करुणेविषयी मला शंका नाही. पण प्रस्थापितांना सत्ता नसलेला सज्जन फार आवडतो, कारण तो कोणाच्या हितसंबंधांना धक्का देत नाही. सेवेचे कौतुक करून ते न्यायाचा प्रश्न बाजूला सारतात. आपल्याकडेही हरिजनसेवेचे गोडवे गाणाऱ्यांनी स्वतंत्र मतदारसंघाची मागणी कशी मोडून काढली, ते १९३२ साली आपण पाहिले.

मग माझा निकाल काय? बाबासाहेबांच्या मापाने कार्टर प्रामाणिक होते, पण निवडणुकीत नेहमी नव्हे, बुद्धिमान होते, आपल्या समाजातली घाण त्यांनी पाहिली आणि काही वेळा हातात झाडू घेतला. आसूड मात्र क्वचितच उचलला. म्हणून त्यांना मी थोर म्हणणार नाही. पण थोरांच्या यादीत वर बसलेल्या कित्येकांनी झाडूला कधी स्पर्शही केलेला नाही, हेही त्याच दमात सांगीन.

आणि हे माप आपल्या माणसांनाही लावावे लागेल. त्याच १९४३ च्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेला कठोर विरोध केला होता. आपल्या चळवळीतही आज याद्या लागतात, क्रमांक वाटले जातात, फलकांवर चेहरे लहानमोठे होतात. कोण कितवा हे विचारण्याआधी, अंगणात उभ्या असलेल्या माणसाला त्याने आत घेतले काय, एवढेच विचारावे. आणि तो प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क अंगणात उभ्या असलेल्याचा आहे.