पंडिता रमाबाईंचें बायबल : वाचन आणि आचरण

धर्मग्रंथाच्या भाषांतराचें परीक्षण हें टीकाकारास नेहमींच अवघड जातें. वाङ्मयाची कसोटी लावावी तर भाविक म्हणतात, हा ग्रंथ रसास्वादासाठीं नाहीं. श्रद्धेची लावावी तर टीकेला जागाच उरत नाहीं. पंडिता रमाबाईंच्या मराठी बायबलाला आम्हांस तिसरीच कसोटी योग्य वाटते : ज्या वाचकासाठीं बाईंनीं हा खटाटोप केला, त्याच्या रोजच्या जगण्याला या ग्रंथानें कोणतें बळ द्यावें अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ती त्यांच्या लेखणीनें कितपत पुरी केली?

ही अपेक्षा एका वाचनांतून उपजली. १८८३ सालीं बाप्तिस्मा घेण्यापूर्वीं बाई लंडनमधील फुलहॅम येथें गेल्या होत्या. समाजानें टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी तेथें त्यांनीं पाहिल्या, आणि अशा स्त्रियांविषयीं ख्रिस्ती लोकांना इतकी कळकळ कां, असें विचारलें. उत्तरादाखल एका भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीपाशीं थकून बसलेला येशू एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांशीं व्यवहार ठेवीत नसत. शिवाय ही बाई पांच नवरे झालेली. जेथें पाणवठ्यावरच माणसाची जात पाहिली जाई, त्या समाजांत वाढलेल्या ब्राह्मणकन्येला या प्रसंगाचें मर्म कोणी उलगडून सांगण्याची गरज नव्हती. पुढें ती बाई घागर तेथेंच टाकून गांवच्या लोकांना बोलवावयास जाते. बाईंचें उत्तरायुष्य हें या एका ओळीचें भाष्यच होय. केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळांतून वांचविलेल्या विधवा व मुली आल्या; पतित मानलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदनही उभें राहिलें.

१८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं ज्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें, त्याच बाईंनीं स्त्रीला वेदाधिकार नाहीं हेंही शास्त्रांत वाचलें होतें. ग्रंथ पवित्र असावा, पण तो वाचकाच्याच हातीं असावा, हा त्यांचा आग्रह येथूनच आला असावा. सेरामपूरच्या कॅरीनें १८११ सालीं मराठी नवा करार छापला. त्यापुढेंही भाषांतरें होत राहिलीं. परंतु त्यांतील संस्कृत शब्द साध्या बाईला दुर्बोध, आणि वर त्यांना वेदान्ताचा रंग, अशी रमाबाईंची तक्रार होती. म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं सबंध बायबल सोप्या मराठींत उतरविलें. छपाईचें काम मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं केलें. १९२२ सालीं बाई वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

संस्कृतावर प्रभुत्व असतां तें बाजूस ठेवणें हा लहान त्याग नव्हे. परंतु दोषही सांगितला पाहिजे. मुळाशीं शब्दशः इमान राखण्याच्या भरांत परभाषेचें वळण वाक्यांत तसेंच राहतें; शब्द घरचे, पण बोलणें परकें. रेव्हरंड टिळकांच्या कवितेंत ख्रिस्त मराठी माणसाशीं जसा सहज बोलतो, तसा येथें बोलत नाहीं. ज्या बाईसाठीं ग्रंथ, तिला समजावून देणारें कोणी जवळ लागतेंच. म्हणजे मध्यस्थ दूर करण्याचा हेतु अर्धाच साधला. तरी या दोषाच्या मुळाशीं एक नैतिक संकोच आहे असें आम्हांस वाटतें. वाचकाच्या वतीनें अर्थ ठरवून देणारें नवें शास्त्रीपण बाईंना नको होतें.

नित्य अध्याय वाचणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनीं, आणि नित्य पोथी वाचणाऱ्या आमच्यासारख्या घरांनींही, बाईंची एक कबुली ध्यानांत ठेवावी. ‘माझी साक्ष’ या पुस्तिकेंत त्या सांगतात कीं, दीक्षेनंतर कित्येक वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. ज्यांचें वाचन एवढें खोल, त्यांना जर इतका काळ लागला, तर वचनें मुखोद्गत होणें आणि तीं अंगीं लागणें यांतील अंतर केवढें!

शैलीच्या तराजूंत हें भाषांतर उणें ठरेल. तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु धर्मग्रंथाच्या अध्ययनाची खरी परीक्षा पुस्तक मिटल्यावर सुरू होते. चौथा अध्याय वाचून झाल्यावर आपली घागर खालीं ठेवून कोणी उठतो कीं नाहीं, एवढेंच शेवटीं पाहावयाचें. रमाबाई उठल्या.