आसेचा ठाव

उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी १९८६ साली सिॲटलमधल्या एका घरात यमन वाजवला. त्याचं ध्वनिमुद्रण पुढे कित्येक वर्षांनी प्रसिद्ध झालं. रुद्रवीणा, मागे तानपुरा आणि समोर घरगुती बैठक. त्या यमनावर जाणकारांनी लिहावं. मला रसग्रहण करायचं आहे ते त्या मुद्रणाचं, कारण घरच्या खोलीत एकटं तंतुवाद्य कसं टिपावं याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

डागर तसे आपल्याच मुलखातले झाले होते. जन्म उदयपूरचा, पण मुक्काम मुंबईत, चेंबूरला. पुढे पनवेलजवळ पळस्प्याला त्यांनी गुरुकुल उभारलं. त्याची रचना वास्तुकार नारी गांधी यांची. बदलापूरकरांना पळस्पे काही परगाव नाही. वीणेतही त्यांनी स्वतःच्या कानाला हवे तसे बदल करून घेतले. दांडी जाड, भोपळे मोठे, आणि उजव्या हातात नखी नाही, नुसत्या बोटांचा आघात. एवढं अवजड वाद्य खांद्यावर पेलण्याऐवजी ते मांडीवर आडवं घेत. या बदलांनी आवाज खोल झाला, मवाळ झाला आणि मुख्य म्हणजे आघातानंतर रेंगाळणारी आस लांबली.

सगळी गोष्ट त्या आसेची आहे. आलापाचा सुरुवातीचा भाग ऐका. मंद्रात निषादावर एक आघात होतो. मग तार पडद्यावर ओढली जाते, ऋषभ येतो, त्यातून गंधार उमलतो, आणि हे सगळं त्या एकाच आघाताच्या उरलेल्या बळावर. गंधारापर्यंत पोहोचताना तारेत जेमतेम जीव असतो, आणि नेमका तोच गंधार यमनाचा रंग दाखवतो. म्हणजे रागातली सर्वांत मोलाची जागा ही सर्वांत क्षीण आवाजाची जागा आहे. खोलीत पंखा फिरत असेल तर आघात ऐकू येईल, निषादही येईल, गंधार जाईल. सिॲटलच्या मुद्रणात तो शेवटपर्यंत ऐकू येतो. ऐकताना आपण सतरंजीवर पहिल्या रांगेत बसलोय असं मला वाटत राहतं. बोटांचा स्पर्श कळतो, पण तो आवाजावर स्वार होत नाही.

कल्याणच्या पुढे आपल्या पट्ट्यात असं काही टिपायचं तर आधी खोलीकडे बघावं लागतं, माइक नंतर. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथली घरं रुळांना धरून वाढली. लोकल रात्री थोडा वेळ थांबतात, पण पुण्याकडच्या गाड्या आणि मालगाड्या थांबत नाहीत. मालगाडीची घरघर कानाला कळण्याआधी जमिनीतून स्टँडवर चढते. स्टँडखाली जाड फोमचा तुकडा ठेवला तर ती बरीच कमी होते. बरेच जण मात्र सोपा मार्ग म्हणून माइकवरची लो-कटची कळ दाबतात. ती साधारण ७५-८० हर्ट्झच्या खालचं कापते. आता सतारीचं उदाहरण घ्या. काळी एकमध्ये लावली तर तिचा खर्जाचा षड्ज असतो ६९ हर्ट्झच्या आसपास. गाडीबरोबर खर्जही गेला.

याच आकड्याची आणखी एक खोड आहे. आठ फूट रुंदीच्या खोलीत दोन भिंतींमध्ये जी ध्वनिलहर अडकून राहते तिची कंपनसंख्या निघते सुमारे ७० हर्ट्झ. त्यामुळे अशा खोलीत खर्जाचा षड्ज भिंतीपाशी घुमतो आणि बरोब्बर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. आपण काय करतो? सतरंजी मधोमध अंथरतो आणि माइकही मधोमध उभा करतो. मग वादकाला वाटतं, तार उतरली की काय. खरं तर दोन्ही थोडं सरकवून रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापाशी आणलं की खर्ज परत येतो. खोलीच्या लांबीकडे तोंड करून बसावं, पाठीमागे कपड्यांनी भरलेलं कपाट किंवा उभी केलेली गादी असावी, आणि वादक जमिनीवर बसत असल्याने पुढच्या फरशीवर गोधडी हवीच. उघड्या फरशीवरून उसळलेला आवाज थेट आवाजात मिसळतो आणि जवारीची धार बोथट करतो.

आता माइक. घरच्या कामाला कंडेन्सर बरा, कारण क्षीण आसेचे बारकावे तो डायनॅमिकपेक्षा चांगले पकडतो. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा देणारा इंटरफेस लागतो, एवढंच. लहान डायफ्रॅमचा कंडेन्सर मला जास्त आवडतो, कारण तंतुवाद्याच्या वरच्या स्वरांना तो प्रामाणिक राहतो. एकाच दिशेचं ऐकणारा कार्डिऑइड माइक गोंगाटाच्या घरात सोयीचा. पण तो वाद्याच्या फार जवळ नेला की खालचे स्वर फुगवतो. सर्व दिशांनी ऐकणाऱ्या माइकमध्ये हा फुगवटा नसतो, मात्र त्याला शांत खोली लागते. रात्री उशिरा, पंखा बंद करून बसण्याची तयारी असेल तर मी तोच घेईन.

सतारीच्या घोडीसमोर वीतभर अंतरावर माइक ठेवला तर मिजराबची टकटक आणि जवारीची कर्कश बाजू मिळते. पडद्यांसमोर ठेवला तर डाव्या बोटांची घासट. तबलीचा, दांडीचा आणि तरफांचा आवाज एकत्र व्हायला थोडी हवा लागते, आणि ती दोन-तीन फुटांवर मिळते. माइक छातीच्या उंचीवर असावा, तोंड घोडी आणि शेवटचे पडदे यांच्या मध्ये. अंतर दुप्पट केलं की वाद्याचा थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा गोंगाट तसाच राहतो. म्हणून चार फुटांवर जाण्याआधी खोली तेवढी शांत आहे का ते डोळे मिटून ऐकावं. रुद्रवीणेची गोष्ट वेगळी. तिला तबली नाही, आवाज दांडीतून दोन्ही भोपळ्यांत जातो, म्हणून तिथे माइक कुठल्याही एका भोपळ्याकडे झुकवून चालत नाही.

पावसाळ्यात हे सगळं अवघड होतं. खिडकीवरच्या पत्र्यावर सर कोसळली की काम थांबवायचं. दमट हवेत कंडेन्सर खरखरायला लागतो, म्हणून त्याच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी.

मोबाइलवर टिपणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. फोन आपणहून आवाज वरखाली करत असेल तर ती सोय बंद करा. तो आघात दाबतो आणि आस विरताना गोंगाट वर ओढतो. नंतर गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर वापरणं त्याहून वाईट. पंखा आणि मींडेचं शेपूट यांतला फरक त्याला नीट कळत नाही. पंख्याबरोबर ते तो गंधारही पुसून टाकतं. त्यापेक्षा थोडी खरखर राहिलेली पत्करली. पातळी ठरवताना आधी झाला वाजवून बघा, आलाप नव्हे, आणि सर्वांत मोठा आघात उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये टिपलं तर आलाप मीटरवर कितीही खाली दिसला तरी बिघडत नाही.

राहिला तानपुरा. सिॲटलच्या यमनात तो वीणेच्या मागे बसल्यासारखा ऐकू येतो, आणि वीणा थांबते तेव्हा खोली त्याच्या षड्जाने भरलेली असते. घरी ॲपवरचा तानपुरा लावताना स्पीकर माइकजवळ आणू नका आणि नंतर संगणकावर वेगळा ट्रॅकही जोडू नका. वादकाच्या मागे तीन-चार फुटांवर, जमिनीवर, हळू आवाजात ठेवा. मग तो त्याच खोलीतून, त्याच माइकमध्ये येतो, आणि तरफा त्याच्याशी बोलू लागतात.