गोरोबाकाकांचे थापटणे आणि टिळकांचे अभंग



वारकरी मंडळींत एक प्रश्न अधूनमधून निघतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग रचले, ओवी रचली. पण ते ख्रिस्ताचे भक्त. त्यांचे लेखन आपण वाचावे का, आणि वाचले तर कोणत्या मापाने मोजावे? काही जण म्हणतात, आपले भांडे नेले आणि त्यात दुसरे पाणी भरले. काही म्हणतात, अभंग आहे ना, मग सगळे एकच. मला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात.

माप आपल्या घरातच आहे. तेरला संतमंडळी जमली असता गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे हे पाहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेवराय रागावले आणि कच्चे ठरले. माउली, नामदेवरायांची वाणी तेव्हाही गोडच होती. पांडुरंग त्यांच्याशी बोलत होता, तरी मडके कच्चे निघाले. रचना गोड असते ती एका गुणाने, आणि जीवन भाजून निघते ते वेगळ्याच आगीत. श्रद्धा आणि लेखणी ज्याने एकत्र धरली, त्याला हेच थापटणे लावावे.

टिळक १८६१ साली कोकणात जन्मले. संस्कृत शिकलेले, शीघ्रकवी, मनाने अस्वस्थ. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमी झाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते सांगत. हे ऐकून आपल्याला बोचते, आणि बोचावेच. ज्याने त्याने आपला मार्ग धरावा. पण आपल्यासाठी तुकोबा ओलांडून जाण्याचा पूल नाहीत, ते मुक्कामाचे गाव आहेत. एवढे स्पष्ट सांगून मग त्यांचे अभंग वाचावेत.

वाचताना काय आढळते? जिथे टिळक देवासाठी व्याकूळ होतात, तिथे टाळ धरलेल्या माणसाचा कान लगेच ओळखतो की ही तळमळ उसनी नाही. जिथे ते मत समजावून द्यायला बसतात, तिथे अभंगाचा साचा उरतो आणि आतला जीव जातो. 'ख्रिस्तायन' या ओवीबद्ध ग्रंथातही हे जाणवते. चरित्र सांगायचे आणि शिकवायचेही, या दोन ओझ्यांखाली ओवी दमते. त्याच टिळकांची घायाळ पक्षिणीची कविता शाळेत शिकलेला माणूस म्हातारपणीही विसरत नाही. तिथे उपदेशापेक्षा पिलांसाठी चाललेली धडपड मनात राहते.

आता जीवनाकडे वळू. बरीच वर्षे ते अमेरिकन मराठी मिशनचे काम करीत होते. १९१७ साली त्यांनी ते सोडले, संन्यस्त वृत्ती धरली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. चालती पोटाची सोय उतारवयात सोडणे सोपे नाही. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. मडके वाजवून पाहा. आवाज कच्चा येत नाही.

पण माझ्या मते या घरातले सर्वांत पक्के मडके लक्ष्मीबाईंचे. त्यांचे वडील सोवळ्याओवळ्याचे विलक्षण कडक. पतीने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले, आणि त्या दुःखाचा मोठा काळ त्यांनी आपल्या पंढरपुरातच काढला. पुढे पतीजवळ राहायला गेल्या तरी चूल आणि पाणी वेगळे ठेवले. मग राहुरीला एके दिवशी मनात विचार आला, की ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाले, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सारे 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात त्या हसत हसत सांगतात, स्वतःची फजिती न लपवता. शाळा न शिकलेल्या बाईचा हा ग्रंथ १९३४ पासून भागाभागाने निघाला आणि मराठीचे भूषण झाला. त्यात ख्रिस्ती मताचे व्याख्यान फारसे नाही. श्रद्धेने घरातला माणूस कसा बदलला ते पानोपानी आहे. पतीचे अपुरे 'ख्रिस्तायन'ही त्यांनी पुढे नेले. तो ग्रंथ १९३८ साली छापून आला तेव्हा दोघेही नव्हते. तरीही मला विचाराल तर ओव्यांहून त्यांच्या आठवणींत देव जास्त भेटतो.

आपल्या मराठवाड्यातही हा प्रश्न अलीकडे येऊन गेला. जानेवारी २०२० मध्ये गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात, उस्मानाबादला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. या माणसाने बायबल सुबोध मराठीत आणले आणि वसईच्या हिरवाईसाठी लोकांबरोबर उभे राहून लढा दिला. विरोध करणाऱ्यांनी झगा पाहिला. थापटणे कोणी उचललेच नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपल्या पूर्वजांनी संतांत बसवले, ते नाव पाहून की वाणी आणि वर्तन पाहून?

माउली, हे थापटणे दुसऱ्याच्या मस्तकावर मारून थांबता येत नाही. गोरोबा मडकी करीत, सावतोबा मळा राखीत, सेनामहाराज हजामत करीत. अभंगावर त्यांचे पोट नव्हते. आज बिदागी आधी ठरते आणि अभंग मागाहून निवडला जातो. कीर्तनाचे द्रव्य घेऊ नये हे तुकोबांनी बजावले आहे. ते आपण इतरांना सांगतो आणि पाकीट घेतो. परधर्मीयाच्या अभंगात श्रद्धा खरी की उसनी हे विचारणाऱ्याने आपल्या चिपळ्यांनाही तेच विचारावे.

टिळकांचे अभंग आपल्या दिंडीत म्हणावेत असे मी म्हणत नाही. दिंडीला तिचा देव आहे, तिचा क्रम आहे. पण घरी 'स्मृतिचित्रे' जरूर वाचा. एका बाईने आपले सोवळे कसे सोडले ते वाचताना आपले कोणते सोवळे अजून खुंटीवर टांगलेले आहे, ते एकदा मान वर करून पाहा.

जय जय रामकृष्णहरी.