तुबुआई बेटावरील दोन लेखण्या

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यानें दक्षिण समुद्रांतील बेटांच्या आपल्या प्रवासवर्णनांत मिशनऱ्याच्या बायकोविषयीं एक निकाल देऊन ठेविला आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, विवाहित मिशनरी बेटावरील लोकांपुढें गृहस्थाश्रमाचा एक कित्ता ठेवितो हें खरें. पण त्याच्या शेजारीं बसलेली बाई त्याला युरोपाशीं बांधून ठेविते, बेटाशीं त्याचें सूत जुळूं देत नाहीं, आणि तिचें चित्त सदा कपड्यांच्या विवंचनेंत असतें. स्टीव्हन्सन हा कांहीं मिशनऱ्यांचा द्वेष्टा नव्हे. जेम्स चामर्ससारख्या मिशनऱ्याविषयीं त्याला मनापासून आदर होता. म्हणूनच त्याचा निकाल लोकांनीं मुकाट्यानें मान्य केला. त्याचें हें पुस्तक १८९६ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर निघालें. पुढें १९२१ सालीं सॉमरसेट मॉम यानें पागो पागो येथील पावसाची आपली सुप्रसिद्ध गोष्ट लिहिली, आणि तींतल्या डेव्हिडसन पतिपत्नींनीं उरलेलें काम पुरें केलें. नवरा कर्मठ, बायको त्याहून कर्मठ, आणि दोघांच्याहि मनांत बेटावरच्या माणसांच्या नाचाविषयीं व वस्त्रांविषयीं सारखाच तिटकारा! इंग्रजी वाङ्मय वाचणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मनांत मिशनरी जोडप्याचें जें चित्र आहे तें बहुतांशीं येथूनच आलेलें आहे.

वादीचें म्हणणें झालें. प्रतिवादीस मात्र कोणीं विचारलें नाहीं. सुदैवानें अशा एका जोडप्याचें लिखाण आज छापील स्वरूपांत मिळतें, आणि तेंहि दोघांचें निरनिराळें. ॲडिसन प्रॅट याच्या रोजनिश्या १९९० सालीं, आणि त्याची पत्नी लुइझा बार्न्स प्रॅट हिचें आत्मवृत्त १९९८ सालीं, अशीं हीं दोन पुस्तकें एस. जॉर्ज एल्सवर्थ या एकाच संशोधकानें संपादिलीं आहेत. आमचें असें मत झालें आहे कीं, एकानें दुसऱ्यावर प्रकाश पाडावा अशीं नवराबायकोचीं पुस्तकें प्रवासवाङ्मयांत फार थोडीं असतील. आणि त्यांत बायकोचें पुस्तक सरस आहे.

दोघेंहि १८०२ सालीं जन्मलेलीं. ॲडिसन तरुणपणीं देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर खलाशी होता. लुइझा शिक्षिका आणि शिवणकाम करून पोट भरणारी. १८३१ सालीं त्यांचें लग्न झालें, १८३८ च्या सुमारास तीं मॉर्मन पंथांत शिरलीं, आणि १८४३ सालीं पंथाच्या पुढाऱ्यांनीं ॲडिसनला पॅसिफिक महासागरांतील बेटांवर धर्मप्रचारास पाठविलें. बायको व चार मुली मागें राहिल्या. १८४४ च्या एप्रिलची ३० तारीख. त्या दिवशीं तो तुबुआई बेटावर उतरला. ताहितीच्या दक्षिणेस असलेलें हें लहानसें बेट जवळजवळ मकरवृत्तावरच आहे, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या अगदीं वेशीवर. १७८९ सालीं ‘बाउंटी’ जहाजावरील बंडखोरांनीं येथेंच वसाहतीचा एक फसलेला प्रयत्न केला होता. पण प्रॅट गेला तेव्हां तेथील लोक रानटी मूर्तिपूजक वगैरे मुळींच नव्हते. लंडन मिशनचे लोक १७९७ सालींच ताहितीस पोंचले होते, व त्यांची शिकवण तुबुआईपर्यंत आलेली होती. तेव्हां आमचा हा खलाशी गेला तो ख्रिस्ती लोकांसच पुन्हां एकदां ख्रिस्ती करावयास! या गोष्टींतील विनोद त्याला स्वतःला कोठें जाणवल्याचें दिसत नाहीं.

ॲडिसनच्या रोजनिश्या वाचावयास गोड आहेत हें मान्य केलें पाहिजे. बेटावरच्या लोकांच्या तोंडीं ‘प्रॅट’ हें नांव बसेना, म्हणून त्यांनीं त्याचें ‘पराइता’ केलें. आणि वाचीत असतां आपल्याहि मनांत हळूहळू तेंच नांव बसतें. मासे पकडण्याच्या रीती, होड्यांची बांधणी, वारा, प्रवाळाच्या रांगा, हे विषय आले कीं त्याची लेखणी मोकळी सुटते. आंबविलेल्या अळकुड्यांचा ‘पोपोई’ नांवाचा लगदा आणि भाजलेला निरफणस यांविषयीं तो जें लिहितो तें कोंकणांतील वाचकांस फारसें परकें वाटणार नाहीं. लोकांची भाषा तो शिकला, त्यांच्यांत मिसळला, आणि त्यांचें त्याच्यावर प्रेम बसलें याविषयीं शंका नाहीं. स्टीव्हन्सनला हवा असलेला एकटा मिशनरी तो हाच. पण तो एकटा कसा राहूं शकला, त्याच्या एकटेपणाचा खर्च कोण सोशीत होतें, याचा जमाखर्च त्याच्या वहींत नाहीं. तो लुइझाच्या वहींत आहे.

नवरा गेल्यावर तिनें नोवू गांवीं जागा घेऊन घर उभें केलें, तें शिवणकामाच्या कमाईवर. १८४६ सालीं पंथाच्या लोकांना तेथून परागंदा व्हावें लागलें; तेव्हां चार मुली बैलगाडींत घालून ती पश्चिमेकडे निघाली, आजारपणांतून उठली, आणि १८४८ च्या सप्टेंबरांत सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत पोंचली. थोड्याच दिवसांत ॲडिसन तेथें येऊन मिळाला. पांच वर्षांनंतर बाप आणि मुली यांची ही भेट झाली! त्या हिंवाळ्यांत त्यानें तेथें ताहितीच्या भाषेचा एक वर्ग चालविला. आणि वर्ष उलटतें न उलटतें तोंच, १८४९ च्या ऑक्टोबरांत, पुन्हां बेटांकडे रवाना झाला.

१९९८ च्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर लुइझाला ‘मिशनरी-विधवा’ म्हटलें आहे. नवरा जिवंत असलेल्या बाईस विधवा म्हणण्याची ही कल्पना आपल्या कानांना खटकेल. आपल्या साहित्यशास्त्रांत तिच्यासाठीं एक बरा शब्द आहे, प्रोषितभर्तृका. पण शास्त्रकारांची प्रोषितभर्तृका कृश होते, वेणी घालीत नाहीं, मेघाकडे पाहते. तिला घरभाडें द्यावें लागत नाहीं, बैलांना वैरण घालावी लागत नाहीं, चार मुलींचीं पोटें भरावीं लागत नाहींत. लुइझाच्या आत्मवृत्ताचा पूर्वार्ध वाचल्यावर आमच्या अष्टनायिकांचें वर्गीकरण केवढ्या सुखवस्तु घरांत बसून झालें असेल, असा विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

१८५० च्या मे महिन्यांत तीहि निघाली. बरोबर चारी मुली, धाकटी बहीण कॅरोलाइन व तिचा नवरा जोनाथन क्रॉस्बी. वय सत्तेचाळीस. खुष्कीनें कॅलिफोर्नियापर्यंत, तेथून जहाजानें. आणि ऑक्टोबरांत तुबुआईवर पाऊल ठेवते तों नवरा बेटावर नाहीं! ताहितीच्या फ्रेंच अधिकाऱ्यांनीं त्याला पापीतें येथें अडकवून ठेविला होता. १८५१ च्या जानेवारींत तो सुटून आला. मधले तीन महिने जी बाई आपल्या पतीच्या कामांत ‘मदतनीस’ म्हणून आली होती, ती पतीवांचूनच तें काम करीत होती. ही गोष्ट कादंबरीकारानें रचिली असती तर आम्ही तिला कृत्रिम म्हटलें असतें.

आतां स्टीव्हन्सनच्या आरोपाकडे वळूं. तिचें चित्त कपड्यांत होतें काय? होतें, आणि तें पुष्कळच होतें. ती शिवणारी बाई. बेटावरच्या बायकामुलींना तिनें शिवण शिकविलें, शाळा चालविली, बायकांच्या प्रार्थनासभा भरविल्या. पण कापडाकडे पाहण्याच्या दोन दृष्टि आहेत. दुसऱ्याचें अंग झांकावें म्हणून कापडाचा हट्ट धरणें ही एक, ती डेव्हिडसनबाईची. ज्या बाईला समोरच्या बाईची भाषा येत नाहीं, तिनें तिच्या हातांत सुई देऊन शेजारीं बसवून घेणें ही दुसरी. बेटावरच्या बायकांचीं माणसें म्हणून ओळख पटेल अशीं चित्रें ॲडिसनच्या रोजनिशींत फारशीं सांपडत नाहींत, तीं लुइझाच्या पानांत सांपडतात. याचें कारण ती सुई होय, असें आम्हांस वाटतें. पुरुष समुद्रावर व सभेंत असत. बेटाचा अर्धा संसार त्यांच्या नजरेस पडतच नव्हता. युरोपाशीं बांधून ठेवणारी म्हणून जिला दोष दिला, तीच बेटाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोंचली होती.

तरी स्टीव्हन्सन सर्वस्वी चुकला असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. लुइझाच्या हातांतील मोजपट्टी न्यू इंग्लंडची आहे. टापटीप, उद्योग, वेळेचा हिशोब या तीन गजांनीं ती सारें बेट मोजते, आणि बेट अर्थातच आंखूड पडतें. त्या लोकांच्या फुरसतीला कांहीं अर्थ असूं शकेल ही शंका तिला शिवत नाहीं. येथें ॲडिसन तिच्याहून उदार आहे. गळ टाकून तासन्‌तास बसणाऱ्या माणसाला दुसऱ्याची फुरसत समजते.

एकट्या मिशनऱ्याची बाजू तपासावयाची तर ॲडिसनचा सोबती बेंजामिन ग्रूअर्ड याचें उदाहरण समोर आहे. यानें बेटावरच्याच बाईशीं लग्न केलें. ती वारल्यावर दुसरीशीं, ना-हिना हिच्याशीं. तुबुआईवर प्रचारकांनीं स्वतःचें जहाज बांधलें तेव्हां पुढाकारहि याचाच होता. स्टीव्हन्सनच्या कसोटीला हा माणूस पूर्ण उतरला असता. परंतु फ्रेंच सरकारचे निर्बंध कडक झाल्यावर १८५२ सालीं हीं सर्व मंडळी बेटें सोडून कॅलिफोर्नियास आलीं, आणि ना-हिना कांहीं काळानें आपल्या देशीं परत गेली. तिचा मुलगा फ्रँक प्रॅट कुटुंबांत राहिला व वाढला तो लुइझाच्या हाताखालीं. पुढें तो घरांतून पळाला आणि अमेरिकन सैन्याचा वाटाड्या म्हणून १८७६ च्या मोहिमेंत नांवाजला गेला. बेटाशीं संबंध जुळणें म्हणजे काय, हें ठरवितांना बेटावर कोण किती रमला एवढेंच पाहून भागत नाहीं; बेटावरचें मूल शेवटीं कोणाच्या पानावर जेवलें हेंहि पाहिलें पाहिजे.

ग्रंथ म्हणून लुइझाच्या पुस्तकांत उणीवा आहेत. जुन्या रोजनिश्या पुढें ठेवून तिनें तें उतारवयांत नव्यानें लिहून काढलें, त्यामुळें कांहीं ठिकाणीं दुःख वाळून त्याची कैफियत झाली आहे. धार्मिक उद्गारांचा भरणाहि जास्त आहे. ती सारीं पानें आम्हीं श्रद्धेनें वाचलीं असें म्हणवत नाहीं. ज्यांना घडल्या दिवसाचें टिपण हवें त्यांनीं तिची बहीण कॅरोलाइन हिची रोजनिशी पाहावी. ती २००५ सालीं निघाली आहे. तींत मोठा विचार नाहीं, पण कोण आलें, काय रांधलें, कोण आजारी पडलें, हें दिवसामागून दिवस आहे, आणि लुइझाच्या आठवणी पडताळून पाहण्यास तें फार उपयोगी पडतें.

मराठी वाचकाला येथें लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येणें अपरिहार्य आहे. रेव्हरंड टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाई कित्येक वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. धर्माच्या हांकेनें नवरा उठून जातो आणि बायकोला घराचा अर्थ नव्यानें शोधावा लागतो, हें दोन्ही पुस्तकांचें बीज एकच आहे. परंतु ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना नवऱ्यावर रागावलेली बाई क्षणांत स्वतःलाच हंसते, आणि तें हंसणें आपल्यालाहि शहाणें करितें. लुइझाला ही देणगी नाहीं. ती रागावते तेव्हां सरळ बसून, कागदपत्र पुढें ठेवून रागावते. मात्र लक्ष्मीबाई पुढें स्वतः विचार करून पतीच्या धर्मांत गेल्या व संसार जुळला. लुइझाच्या नशिबीं उलट आलें. १८५८ च्या आरंभीं पंथाच्या बोलावण्यावरून ती यूटाकडे परतली, ॲडिसन कॅलिफोर्नियांतच राहिला. ज्या धर्मानें त्याला तिच्यापासून बेटावर नेलें, त्याच धर्मानें शेवटीं तिला त्याच्यापासून नेलें.

त्या पंथांत आजहि मुलें हातावेगळीं झालेलीं, नोकरींतून मोकळीं झालेलीं नवराबायको बहुतांशीं स्वखर्चानें टोंगा, सामोआ, ताहिती अशा बेटांवर सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत सेवेस जातात. कोणी कचेरींत हिशोब लिहितो, कोणी शाळेंत शिकविते. त्यांचीं घरीं लिहिलेलीं पत्रें पुढें कुटुंबापुरतीं छापलीं जातात, व तो आतां एक लहानसा वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. तीं पत्रें प्रेमळ असतात, पण बहुधा एकाच लेखणीचीं असतात: सूर्यास्त, फळें, हंसतीं मुलें, आणि ‘आम्ही दोघें आनंदांत आहों’. हा ‘आम्ही’ फार स्वस्त शब्द आहे. अठ्ठेचाळीस वर्षांच्या लुइझानें ‘मी’ म्हणून लिहिलें म्हणून तुबुआईवरच्या त्या घरांत दोन माणसें राहत होतीं हें आपल्याला कळलें.

ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनीं ॲडिसनच्या रोजनिशींतील १८४४ सालचीं बेटावरचीं पहिलीं पानें वाचावीं, आणि लगेच लुइझाच्या पुस्तकांतील तेवढ्याच काळाचीं, म्हणजे नोवूचें घर बांधण्याचीं पानें काढावीं. मग १८५० च्या ऑक्टोबरापासून पुढें दोन्ही पुस्तकें शेजारीं उघडीं ठेवून चालावें. संपादकाच्या टीपा भरपूर व विश्वसनीय आहेत.