कोणता बिंदू आधी जावा?

मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणा अडवून मध्य वैतरणा धरण बांधले आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या या जलाशयाचा काठ नकाशावर निरखून पाहावा. डोंगरांमधल्या ओहळा-ओहळांत पाणी शिरले आहे आणि काठाला लांब, निमुळते फाटे फुटले आहेत. उपग्रहचित्रावरून असा काठ मन लावून रेखाटला, तर बिंदूंची संख्या बघता बघता हजारांत जाते. आता अर्धा महाराष्ट्र पडद्यावर यावा म्हणून वेब-नकाशाच्या झूम ८ वर गेलो, की एका पिक्सेलमध्ये जमिनीचे सुमारे ५७५ मीटर मावतात. काठाची कितीतरी वळणे त्या एका ठिपक्यात जिरतात, पण संगणक ती सगळी एकेक करून काढतच राहतो आणि नकाशा अडखळतो.

म्हणजे बिंदू गाळायचे. पण कोणते? या प्रश्नाचे मला सर्वांत देखणे वाटणारे उत्तर १९९३ साली हल विद्यापीठातल्या विश्वलिंगम आणि व्हायट यांनी दिले. रेषेवरचा एक बिंदू घ्यायचा, त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांशी तो जोडून होणाऱ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढायचे. ज्याचा त्रिकोण सर्वांत लहान, तो बिंदू काढून टाकायचा. तो गेला की शेजाऱ्यांचे त्रिकोण बदलतात, म्हणून तेवढेच नव्याने मोजायचे आणि पुन्हा सर्वांत लहान शोधायचा. बस, एवढेच.

त्याआधी, १९७३ पासून, डग्लस आणि प्यूकर यांची रीत रूढ होती: रेषेची दोन टोके सरळ जोडायची आणि त्या जोडरेषेपासून सर्वांत दूरचा बिंदू मर्यादेपलीकडे असेल तर राखायचा. दोन्ही रीतींचा स्वभाव जलाशयाच्या काठावरच कळतो. समजा, एक फाटा ४०० मीटर लांब आणि तोंडाशी ३० मीटर रुंद आहे. शेजारी किलोमीटरभर पसरलेले, ६० मीटर फुगलेले संथ वळण आहे. मर्यादा १०० मीटरची ठेवली, तर डग्लस-प्यूकर फाट्याचे टोक राखतात आणि वळण सपाट करतात. विश्वलिंगमांच्या हिशेबात फाट्याचा त्रिकोण ६,००० चौरस मीटरचा, वळणाचा ३०,०००चा. फाटा आधी जातो, वळण टिकते. दुरून पाहणाऱ्याला काठाचा डौल दिसतो तो या वळणामुळेच. फाट्यातल्या पाण्यावर ज्याचे लक्ष आहे त्याला मात्र हे पटणार नाही, आणि त्याचे म्हणणे खरे आहे. मॅपशेपर हे साधन तर कोनाचेही वजन धरते, टोकदार बिंदू आणखी लवकर घालवते. रेषा नितळ होते, पण फाट्याची गच्छंती पक्की.

या रीतीतली मला सर्वांत आवडणारी जागा थोडी आडबाजूला आहे. प्रत्येक बिंदू कोणत्या क्षेत्रफळाला गळला, ते त्याच्यासोबत लिहून ठेवता येते. नंतरच्या बिंदूचे क्षेत्रफळ आधीच्यापेक्षा कमी भरले, तर त्याला आधीच्याचाच आकडा देतात, म्हणजे गळण्याचा क्रम मोडत नाही. मग झूम कोणताही असो, नवी गणिते नकोत. आकड्याची तुलना केली की झाले. एकदाच केलेल्या मोजणीत सगळे नकाशे दडलेले!

जव्हार आणि मोखाडा यांची सीमा सामाईक आहे, तिथे आणखी एक पेच येतो. दोन्ही तालुके वेगवेगळे पॉलिगॉन म्हणून सोपे केले, तर एकाच रेषेचे दोन्हीकडे वेगवेगळे बिंदू गळू शकतात आणि मध्ये फटी पडतात, कुठे एक तालुका दुसऱ्यावर चढतो. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसच्या ३.४ आवृत्तीत सामाईक कडा एकदाच सोपी करण्याची सोय आली आणि तिच्या पोटात हीच त्रिकोणाची रीत आहे.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सुलभीकरण फक्त चित्रापुरते करता येते. मूळ फाइलला धक्का लागत नाही. या दोन तालुक्यांत ते फार मोलाचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने एका वैयक्तिक दाव्यात जास्तीत जास्त ४ हेक्टर जमीन मिळते, म्हणजे २०० मीटर बाजूचा चौरस. झूम ८ वर तो जेमतेम एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाइतका रुंद भरतो. तिथे तो दिसला नाही तरी बिघडत नाही. पण सोपी केलेली रेषाच कुणी मूळ म्हणून जतन केली, तर जीपीएस घेऊन बांधाबांधाने चालत मोजलेले कोपरे कायमचे गेले. म्हणून सोप्या प्रतीला वेगळे नाव द्यावे आणि किती क्षेत्रफळापर्यंतचे बिंदू गाळले, तो आकडा त्या नावातच लिहावा.