रांगेतला ड्वॉर्फ

मराठी वाचकाची बुटक्यांशी पहिली ओळख होते ती हिमगौरीच्या गोष्टीत. खाणीत राबणारे, संध्याकाळी रांगेने घरी परतणारे, मनाने भाबडे असे ते सात जण. युरोपच्या कल्पनाविश्वाला या जमातीचं आणखी एक, बरंच करारी रूप ठाऊक आहे. नॉर्स पुराणांत थॉर या देवाचा हातोडा घडवणारे कारागीर ते हेच. ‘वोलुस्पा’ या जुन्या काव्यातली त्यांची नावं उचलून टोल्कीन यांनी १९३७ साली ‘द हॉबिट’मधली ड्वॉर्फांची टोळी उभी केली, डिस्नेची हिमगौरी पडद्यावर आली तीही त्याच वर्षी. टेबलावरच्या युद्धखेळांत गेली चाळीसहून अधिक वर्षं जो ड्वॉर्फ कुऱ्हाड घेऊन उभा आहे तो टोल्कीनच्या घराण्यातला. दोन-अडीच सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती धातूची, प्लास्टिकची किंवा रेझिनची असते, बहुधा सुट्या भागांत आणि बिनरंगाची मिळते, आणि खेळणारा ती स्वतः जोडून रंगवतो. या रंगकामाने गेल्या पंचवीस वर्षांत जी मजल मारली आहे ती थक्क करणारी आहे. तरीही ज्या अंतरावरून बघितली जाण्यासाठी ही कला जन्माला आली, ते अंतरच ती विसरत चालली आहे असं माझं मत आहे. त्याची सर्वांत जास्त किंमत ड्वॉर्फांना मोजावी लागली आहे.

अंतराचा मुद्दा आधी हिशेबाने समजून घेतला पाहिजे. या खेळांतली माणसाची मूर्ती साधारण २८ मिलिमीटरची, म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे साठाव्या हिश्शाची असते. ड्वॉर्फ त्याहून ठेंगणा. खेळाचं टेबल प्रथेप्रमाणे सहा फूट बाय चार फुटांचं आणि खेळणारा त्याच्या कडेला उभा. मूर्ती आणि डोळा यांच्यात जवळपास एक मीटर अंतर राहतं. एक मीटरवरून ही मूर्ती बघणं म्हणजे साठ मीटरवरून खरा माणूस बघणं. साठ मीटरवरून माणसाच्या डोळ्यातलं बुबुळ दिसत नाही, कपड्याची वीण दिसत नाही. दिसते ती त्याची ठेवण, रंगांचे ठळक पट्टे, धातूची चमक, आणि तो एकटा आहे की जमावात आहे एवढं. जुन्या मूर्तिकारांना हे नेमकं कळत होतं. म्हणून त्यांनी डोकी आणि हात प्रमाणाबाहेर मोठे केले, घड्या खोल कोरल्या, कुऱ्हाडीचं पातं ढालीएवढं रुंद केलं. रंगवणाऱ्यांनीही त्याच न्यायाने सावली खऱ्यापेक्षा गडद आणि उजेड खऱ्यापेक्षा उजळ ठेवला. इंग्लंडमधल्या ‘वॉरगेम्स फाउंड्री’ने तर आपले रंगच तिहेरी संचांत विकले: प्रत्येक रंगाची एक सावली, एक मधली छटा, एक उजळ छटा. या पद्धतीने रंगवलेली मूर्ती हातात घेऊन पाहिली तर ओबडधोबड वाटते, तीन छटांमधल्या सीमारेषा उघड्या दिसतात. टेबलावर ठेवली की त्या सीमारेषा विरून जातात आणि मूर्ती उठून उभी राहते.

ड्वॉर्फाच्या बाबतीत या पद्धतीला आणखी एक पदर होता. १९८३ साली नॉटिंगहॅमच्या परिसरातून ‘वॉरहॅमर’ हा खेळ बाहेर पडला आणि त्याच्यासाठी सिटाडेल या कंपनीने जे ड्वॉर्फ ओतले ते रांगेत लढणारे होते. चौकोनी तळ, खांद्याला खांदा, पाच-पाचच्या चार ओळी. अशा तुकडीत रंगवणाऱ्यासमोर दोन उलट मागण्या एकाच वेळी असतात. तुकडी एक दिसली पाहिजे आणि तिच्यातला प्रत्येक म्हातारा वेगळा दिसला पाहिजे. ड्वॉर्फाच्या घडणीतच याचं उत्तर दडलेलं आहे: ढाल समूहाची, दाढी एकट्याची. वीस ढालींची जमीन एकाच निळ्या किंवा लाल रंगाची, शिरस्त्राणांचा धातू एकच, आणि त्याखाली वीस तऱ्हांच्या दाढ्या: पांढरी, तांबूस, काळी, करडी, पिवळसर. टोल्कीनच्या पुस्तकात ड्वॉर्फ एकामागोमाग एक दाराशी येतात तेव्हा तेही असेच रंगांनी ओळखू येतात. बालीनची दाढी पांढरी आणि टोपडं लाल, ड्वालीनची दाढी निळी आणि टोपडं गडद हिरवं, थोरीनचं टोपडं आकाशी आणि त्याला लांब रुपेरी गोंडा. वॉरहॅमरमधल्या स्लेयर लोकांचं तर सगळं नाटक रंगातच आहे. अब्रू गेलेले हे ड्वॉर्फ रणात मरण शोधत फिरतात, उघड्या अंगावर निळं गोंदण, डोक्यावर भगव्या-नारिंगी केसांचा उभा तुरा. करड्या चिलखतांच्या फौजेत ही एक तुकडी पेटलेली दिसावी म्हणून तो नारिंगी आहे. नारिंगीचा तो अर्थ बाकीच्या फौजेमुळे आहे.

दाढीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण रंगवणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. ड्वॉर्फाचा चेहरा म्हणजे एक नाक, दोन गाल आणि भुवया; उरलेला पुढचा भाग दाढीने व्यापलेला. पांढरी दाढी नुसती पांढरी रंगवली तर खडूचा ठोकळा दिसते. तिला तळाशी निळसर करडा किंवा बदामी रंग लागतो आणि शुद्ध पांढरा फक्त बटांच्या टोकांना. काळ्या दाढीत उजेड जास्त टाकला की ती करडी होऊन बसते. नारिंगी तर हट्टीच रंग: पिवळ्यासारखाच तोही तळाचा काळा प्रायमर झाकत नाही, म्हणून तपकिरीपासून चढत जावं लागतं, आणि उजळवताना त्यात पांढरा मिसळला तर जळजळीतपणा जाऊन फिका गुलाबीपणा येतो, पिवळ्याने किंवा अंगाच्या रंगाने उजळवावं लागतं. पातळ वॉश खाचांत उतरवायचा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे पुसून काढायचे, ही जुनी रीत दाढीला अजूनही सर्वांत जास्त मानवते. पण रीत कोणतीही असो, तुकडीतल्या वीस दाढ्यांचं आपसातलं नातं ठरवणं हे त्याच्या वरचं काम आहे. दोन पांढऱ्या दाढ्या शेजारी येऊ द्यायच्या की नाहीत, सर्वांत तांबडी दाढी झेंडेकऱ्याला द्यायची की दुसऱ्या ओळीत दडवायची, असे हे निर्णय असतात. संगीतात ज्याला आपण मैफिलीची मांडणी म्हणू तसं हे काम आहे, आणि आज या कलेची जी चर्चा चालते तिच्यात नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

मग चर्चा कशाची होते? १९८७ साली सुरू झालेल्या ‘गोल्डन डीमन’ स्पर्धेने रंगकामाला प्रतिष्ठा दिली. सर्वोच्च विजेत्याला खरीखुरी तलवार मिळते. १९९० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सच्या ‘रॅकहॅम’ने ‘कॉन्फ्रन्टेशन’ या खेळासाठी अतिशय नाजूक मूर्ती काढल्या आणि त्यांच्या चित्रकारांनी धातूचा रंग न वापरता धातू रंगवण्याची रीत लोकप्रिय केली. साध्या मॅट रंगांच्या छटा इतक्या हिशेबाने लावायच्या की पोलादाची झळाळी भासली पाहिजे. हे कौशल्य अस्सल आहे, त्यामागचा अभ्यास तैलचित्रकाराच्या अभ्यासाइतकाच गंभीर आहे. पण त्यात एक अट लपलेली आहे. खऱ्या धातूवरची चमक आपण हललो की सरकते. रंगवलेली चमक जागची हलत नाही. म्हणजे ही रीत एका ठरलेल्या बाजूने, एका ठरलेल्या उजेडात बघण्यासाठी आहे. ती बाजू कॅमेऱ्याची. धातूचे कण असलेला रंग छायाचित्रात ठिपकेदार आणि निस्तेज दिसतो, टेबलावर फिरत्या नजरेला तोच जिवंत वाटतो. ज्या फौजेत अंगभर साखळीचं चिलखत, पोलादी शिरस्त्राण आणि कुऱ्हाड आहे तिथे या एका निवडीने सगळा फरक पडतो. पडद्यावर बोटभर मूर्ती वीतभर होते आणि मग भुवईचा केस न् केस, बुबुळातला पांढरा ठिपका, ढालीवरच्या नक्षीतली नक्षी या गोष्टींना मोल येतं. एक मीटरवरून यातलं काही दिसत नाही. उलट इतकं बारीक काम केलेली मूर्ती दुरून पाहिली की सगळे तपशील एकमेकांत मिसळून ती करडी होते.

हा दोष एकट्या रंगवणाऱ्याचा नाही, मूर्तीच बदलल्या हा आक्षेप रास्त आहे. जुनं वॉरहॅमर संपवून २०१५ साली ‘एज ऑफ सिग्मार’ आलं आणि ड्वॉर्फांची घराणी फुटली. २०१६ च्या फायरस्लेयरांत सगळेच उघडे, सगळ्यांचेच तुरे आणि दाढ्या नारिंगी. पेटलेली एक तुकडी जिथे होती तिथे पेटलेली अख्खी फौज आली, आणि जो रंग वेगळेपणाची खूण होता तोच गणवेश झाला. २०१७ च्या खाराड्रन ओव्हरलॉर्ड्समध्ये बहुतेकांच्या तोंडावर धातूचा मुखवटा आणि त्या मुखवट्यावर धातूचीच दाढी. कल्पना देखणी आहे, त्यांची हवाई जहाजं तर फारच देखणी. पण वीस दाढ्यांचे वीस रंग तिथे एका पितळी छटेत बुडाले. २०२२ च्या लीग्ज ऑफ व्होटानने भविष्यकाळातल्या ड्वॉर्फांना स्वच्छ, गुळगुळीत चिलखतं दिली; त्यांत बायका आल्या, चेहऱ्यांत विविधता आली, हे चांगलंच झालं, पण दाढी मागे सरली आणि तिच्यासोबत रंगांच्या मांडणीची जुनी किल्लीही गेली. मूर्तिकार आता संगणकावर मूर्ती घडवतो आणि हवी तेवढी मोठी करून बघतो, हे विसरून चालणार नाही. म्हणजे त्याचंही अंतर तेच, पडद्याचं. मूर्तिकार आणि रंगवणारा दोघेही एकाच मापाने काम करू लागले आहेत.

स्पर्धेची मूर्ती आणि खेळाची फौज या दोन वेगळ्या कला आहेत, त्यांना एका फूटपट्टीने मोजू नये, असंही म्हटलं जातं. तत्त्वतः ते मान्य. पण व्यवहारात पेटीवरचं चित्र, नियमपुस्तकातलं चित्र आणि शिकवणीचे व्हिडिओ हे सगळं एकेका मूर्तीच्या जवळच्या दर्शनावर चालतं, आणि नवशिका तेच माप घेऊन चाळीस ड्वॉर्फांसमोर बसतो. तिसऱ्या मूर्तीला तो थकतो. गेली कित्येक वर्षं न रंगवलेल्या करड्या प्लास्टिकचे ढीग हा या छंदातला नेहमीचा विषय आहे. त्याला आळस म्हटलं जातं, मला तो चुकीच्या मापाचा परिणाम वाटतो. २०१९ साली आलेले ‘कॉन्ट्रास्ट’ रंग याच थकव्यावरचा इलाज. एका हातात सावलीही आणि उजेडही देणारे हे पारदर्शक रंग कोरीव दाढीवर सुरेख बसतात, सपाट झग्यावर डागाळतात. त्यांना फसवणूक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांनी हजारो मूर्तींना रंग दिला. मात्र वीस दाढ्यांना एकाच बाटलीतला रंग लावला तर मांडणीचा प्रश्न सुटत नाही, तो नुसता टळतो.

हे सगळं जुन्या काळाचे कढ काढणं आहे का? १९८० च्या दशकातलं काम आज निर्विकार मनाने पाहिलं तर त्यातलं बरंचसं सुमार आहे. रंग जाड, डोळे विस्फारलेले, अंगाचा रंग एकसुरी गुलाबी. आजचा साधा हौशी माणूस त्वचेत जांभळट सावली आणि नाकावर लाली घालतो, डोळ्यांची आखणी नेमकी करतो. त्या काळच्या व्यावसायिकालाही ते क्वचितच साधत होतं. म्हणून परत फिरा असं म्हणण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जवळून बघण्याची सूक्ष्म कला ही काही कमी दर्जाची कला नव्हे, मुघल आणि पहाडी लघुचित्रं हातात धरून बघण्यासाठीच तर होती. अगदी खरं. पण त्या चित्रकाराने पानाची चौकट, हातातलं अंतर आणि एकटा प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक रेघ ओढली. अंतराची जाण हाच त्या कलेचा कणा होता. एकटी मूर्ती काचेच्या कपाटासाठी रंगवणाऱ्याने तेच करावं, आणि उत्तम कलावंत ते करतातही. रांगेत उभ्या राहणाऱ्या ड्वॉर्फाला मात्र त्याच्या शेजाऱ्यासकट रंगवावं लागतं.

२०२४ साली ‘द ओल्ड वर्ल्ड’ या खेळाच्या निमित्ताने चौकोनी तळावरच्या तुकड्या परत आल्या आणि ड्वॉर्फांचे जुने साचेही बाजारात आले. गुळगुळीत ढाली, लांब दाढ्या, खोल घड्या. आजचे रंग आणि आजची त्वचेची समज हाताशी असताना या मूर्तींवर काय होऊ शकतं ते अजून पुरतं दिसलेलं नाही. बरेच जण त्यांनाही एकेक करून, भिंगाखाली, धातूविना धातू रंगवत आहेत. काही थोड्यांनी मात्र आधी वीसही दाढ्यांचे रंग कागदावर मांडून मग ब्रश उचलला आहे. त्यांच्या तुकड्यांत ढालीवर नक्षी कमी, डोळे कित्येकदा नुसती एक गडद रेघ, पण टेबलाच्या पलीकडच्या कडेवरूनही कुठला म्हातारा रागावला आहे ते कळतं. स्पर्धांत तुकडीसाठी वेगळे विभाग असतात. परीक्षकांनी निदान त्यांत तरी मूर्ती हातात घेण्याआधी एक मीटरवर उभं राहून पहिले गुण द्यावेत, आणि पेट्यांवर एकट्या मूर्तीच्या शेजारी तुकडीचं टेबलाच्या उंचीवरून घेतलेलं छायाचित्रही छापलं जावं. एवढं झालं तरी नवशिक्याला पहिल्याच दिवशी दिसेल की चाळीस ड्वॉर्फ रंगवायचे म्हणजे एक ड्वॉर्फ चाळीस वेळा रंगवायचा नसतो.